विहिरीवरची मोटार, घरातलं मशीन

वॉशिंग मशीनचा टायमर फिरवला, आतून घूं असा दबका आवाज आला, पण टबातली चकती जागची हलली नाही, की जळगाव-धुळ्याकडचा जुना मेकॅनिक मागचं झाकण काढतो आणि मोटारीच्या पुलीला लाकडी पट्टीने हलका धक्का देतो. धक्का ज्या बाजूने दिला त्या बाजूने मोटार फिरायला लागली, तर तो आधी कपॅसिटरकडे बघतो. त्याच्या वडिलांच्या पिढीने हाच आवाज विहिरीवर ऐकलेला आहे. तिथली मोटार तीन फेजची. स्टार्टर दाबला की ती घूं करायची, उठायची नाही, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ एक फेज गेला असा असायचा. हे दोन आवाज सारखे का येतात याचं शास्त्रीय कारण आहे आणि त्या कारणात या भागाचा एक इतिहासही दडलेला आहे. माझं म्हणणं असं, की घरातल्या यंत्राचा विजेचा दोष हुडकण्याची खानदेशातली विद्या विहिरीच्या काठावर तयार झाली. शेतातल्या मोटारी वर्षानुवर्षं जळत राहिल्या, त्या उघडून बघणाऱ्या हातांनी ती घडवली, आणि वॉशिंग मशीन घरात आलं तेव्हा ती जवळजवळ तयार होती.

यंत्र या मुलखाला तसं नवं नव्हतं. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव चढला, त्याच सुमारास रेल्वे भुसावळला पोचली, आणि जळगावात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. १८७०च्या दशकात तिथे कापडगिरणी आली, पुढे अमळनेरला प्रताप मिल. कॅप्टन ब्रिग्जने १८१८ नंतर सरळ गल्ल्या आखून वाढवलेलं धुळं १९०० साली चाळीसगावच्या फाट्याने रेल्वेला जोडलं गेलं, आणि १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. गिरण्यांनी मिस्त्रींची एक पिढी घडवली हे खरं, पण वाफेच्या यंत्राचा दोष डोळ्यांना दिसतो. पट्टा तुटलेला असतो, बेअरिंग तापलेलं असतं, वाफ गळत असते. विजेचा दोष असा समोर येत नाही. तार अखंड दिसते आणि आतून तुटलेली असते, मोटार बाहेरून कोरी दिसते आणि आतून कोळसा झालेली असते. खुणांवरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाण्याची ही विचारपद्धत गिरणीच्या मिस्त्रीकडून वारशाने मिळणं शक्य नव्हतं. ती दुसरीकडून यायला हवी होती.

ती शेतातून आली. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, २० जून १९६० रोजी, राज्य वीज मंडळ स्थापन झालं. १९६२पासून कोयनेची वीज मिळू लागली. १९६८ साली भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि १९७९ व १९८२ साली २१० मेगावॉटचे दोन मोठे संच आले. त्याच काळात भुसावळच्या रेल्वेमार्गावर विजेची इंजिनं धावू लागली आणि त्यांच्या दुरुस्तीचा कारखानाही तिथे उभा राहिला. म्हणजे आर्मेचर, वायंडिंग, इन्सुलेशन हे शब्द भुसावळच्या कामगारवस्तीत तेव्हापासून रोजच्या बोलण्यातले आहेत. तरी संख्येने सगळ्यात जास्त मोटारी बसल्या त्या विहिरींवर. मोट आणि नाडा गेला, ऑइल इंजिन आलं, आणि तारा शिवारात पोचल्या तसं इंजिन बाजूला ठेवून मोटार बसवली गेली. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हा बदल फार खोलवर गेला. केळी वर्षभर उभी असते. लागवड मृगबागेची असो की कांदेबागेची, मे महिन्याचं ऊन तिला चुकत नाही, आणि त्या उन्हात चार दिवस पाणी तुटलं तर बाग माना टाकते. जळालेली मोटार तिथे आठवडाभर दुकानात पडून चालत नाही. आज दुपारी जळाली तर उद्या विहिरीवर पाहिजे, या निकडीने तालुक्याच्या गावांत, बाजारपेठेत, एसटी स्टँडच्या आसपास रिवाइंडिंगची दुकानं उभी केली.

मोटारी इतक्या का जळत होत्या, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. शिवारातल्या तारा लांबच लांब, शेवटच्या विहिरीपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज बसलेलं. इंडक्शन मोटारीचं बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. ४१५ व्होल्टची मोटार ३२०वर चालवली, तर दाब पाऊण पटीहून थोडा जास्त उरतो, पण बळ साठ टक्क्यांच्याही खाली येतं. विहिरीतलं पाणी मात्र तेवढंच खोल असतं. मग मोटार मंदावते, जास्त करंट ओढते आणि तापते. वर बाहेरची हवाच ४५ अंशांची. त्यात ऑटो स्विचची भर पडली. रात्री-अपरात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकऱ्याने तो लावला, आणि त्याची अडचण खरी होती, कारण वीज केव्हा येईल याचा भरवसा नव्हता. पण वीज येताक्षणी एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठायला लागल्या. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, सगळ्या एकदम उठल्या की दाब कोसळतो, फ्यूज उडतो, एखादा फेज जातो आणि डीपीसुद्धा जळते. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा, असं वीज कंपनी शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा का सांगत आली, त्याचं कारण हे आहे.

आता रिवाइंडिंगच्या दुकानात मोटार उघडल्यावर काय दिसतं ते जवळून बघितलं पाहिजे, कारण या सगळ्या इतिहासाचा खरा पुरावा तिथे आहे. बोल्ट काढून दोन्ही बाजूंची झाकणं उतरवली, रोटर बाहेर घेतला, की स्टेटरच्या तोंडाशी कॉइलींची गोल वेणी दिसते. ती सगळीकडून सारखी काळवंडलेली असेल तर मोटार जास्तीच्या भाराने, बसलेल्या व्होल्टेजने किंवा जाम पंपाने जळाली. गोलाकारात ठरावीक अंतराने काळे आणि कोरे पट्टे आलटून पालटून दिसत असतील तर फेज गेला होता आणि मोटार तशीच चालत राहिली. त्यातही भेद आहे. जोडणी स्टारची असेल तर दोन फेजच्या कॉइली जळतात आणि तिसऱ्याचं तांबं नव्यासारखं चमकत राहतं. डेल्टाची असेल तर एकच फेज कोळसा होतो आणि दोन वाचतात. सगळं कोरं आणि एकाच स्लॉटमध्ये तांब्याचा वितळलेला मणी दिसला, तर तिथलं इन्सुलेशन फाटलं होतं. हे वाचता येणारा माणूस जळालेल्या मोटारीकडे बघून ती कशी मेली ते सांगतो, आणि शेतकऱ्याला नुसती मोटार भरून देत नाही, तर स्टार्टरचे कॉन्टॅक्ट तपासा, वरच्या फ्यूजकडे बघा, असंही बजावतो. तसं बजावलं नाही तर तीच मोटार पंधरा दिवसांत परत येते. परत येणारी मोटार हा या धंद्यातला सर्वात कडक शिक्षक होता.

या दुकानांत एक वही असते. जुनी कॉइल कापण्याआधी तिचे वेढे मोजले जातात, तारेचं गेज मापलं जातं, आणि हॉर्सपॉवर, स्लॉट, पिच, वेढे, तांब्याचं वजन असं सगळं त्या वहीत उतरवलं जातं. मग लेदरॉइडचा कागद, नवी तार, बांबूच्या पट्ट्यांनी स्लॉट बंद करणं, दोऱ्याने बांधणी, वॉर्निश. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७पासून आहे. कागद पाहिल्याशिवाय इतिहास लिहू नये असा आग्रह धरणाऱ्या माणसाचं ते स्मारक आहे. मला मनापासून वाटतं की रिवाइंडिंगवाल्याची वही हा त्याच तोलाचा अस्सल कागद आहे. कोणत्या वर्षी किती हॉर्सपॉवरच्या मोटारी जास्त येत होत्या, साध्या मोनोब्लॉकच्या जागी सबमर्सिबल कधी वाढल्या, म्हणजे पाणी कधी खोल गेलं, हे त्या वहीत न सांगता नोंदलेलं असतं. आणि अशा वहीत पुढच्या पानांवर पंपाच्या नोंदींमध्ये मिक्सर, कूलर आणि वॉशिंग मशीनच्या मोटारी येऊ लागतात. माझ्या विधानाचा सगळ्यात साधा पुरावा तोच, की दुकान एकच, हात एकच आणि वहीही एकच.

पण एकाच दुकानात काम झालं म्हणून विद्याही तीच, असं म्हणणं घाईचं होईल. ती तीच आहे हे यंत्राच्या आत शिरून दाखवावं लागेल. १८८८ साली इटलीत फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पना मांडली, तिच्यावर ही दोन्ही यंत्रं उभी आहेत. तीन फेज एकामागून एक चढउतार करतात म्हणून मोटारीतलं क्षेत्र गोल फिरतं आणि रोटरला ओढून नेतं. त्यातला एक फेज काढला की क्षेत्र फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी मागेपुढे धडधडत राहतं. रोटर थरथरतो, घूं करतो, पण कोणत्या बाजूला जायचं ते त्याला ठरवता येत नाही. घरात मुळातच एक फेज येतो. तिथे क्षेत्र फिरवायचं तर दुसरा फेज तयार करावा लागतो, आणि ते काम कपॅसिटर करतो. दुसऱ्या वायंडिंगमधला करंट तो पुढे सरकवतो. कपॅसिटर मेला की घरातली मोटार नेमकी एक फेज गेलेल्या विहिरीवरच्या मोटारीच्या अवस्थेत जाते. आवाज सारखा आहे कारण दुखणं सारखं आहे, आणि पुलीला धक्का दिल्यावर ती फिरते कारण दिशा बाहेरून मिळाली की धडधडणारं क्षेत्रही तिला पुढे ढकलू शकतं.

खानदेशातल्या शेतकऱ्याला तर कपॅसिटरचा हा गुण पुस्तकाशिवाय कळला होता. भारनियमनाच्या काळात गावात दिवे लागतील पण पंप उठणार नाहीत अशा बेताने वीज सोडली जाई. त्यावर मोटार चालवायला लोकांनी मोठे कंडेन्सर जोडून नसलेला फेज उभा केला. ते नियमाला धरून नव्हतं, मोटारीलाही बाधत होतं आणि डीपीला त्याहून जास्त, याबद्दल दुमत नको. पण इतिहासाचा पुरावा म्हणून त्याचं मोल मोठं आहे. जी युक्ती वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कारखान्याने मोटारीच्या अंगाला चिकटवून दिलेली असते, तीच युक्ती शिवारातल्या माणसाने स्वतःच्या गरजेपोटी विहिरीवर बांधली होती. त्याच्या घरी मशीन बिघडलं, तर मेकॅनिकने सांगितलेलं कारण त्याला उमगायला वेळ लागत नसे.

मशीन घरात यायला १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. अजिंठ्याच्या घाटापलीकडे, तेव्हाच्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने दोन टबांची मशीनं बाजारात आणली, इतर कंपन्याही उतरल्या, आणि पुढच्या दहा वर्षांत जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गीय मोऱ्यांत ती दिसू लागली. अमेरिकेत क्रम उलटा होता. तिथे ॲल्वा फिशर यांना विजेवरच्या कपडे धुण्याच्या यंत्राचं पेटंट १९१० साली मिळालं, शहरांतल्या घरांत ती यंत्रं पोचली, आणि १९३५च्या सुमारास दहातल्या नऊ शेतघरांत मात्र अजून वीजच नव्हती. तिथे दुरुस्तीची विद्या शहरातल्या घरापासून सुरू झाली आणि नंतर शेताकडे गेली. आपल्याकडे शेतातली मोटार वीस-तीस वर्षांनी थोरली आहे. आणखी एक गोष्ट या विद्येला अनुकूल ठरली. नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येणाऱ्या गावांत बादलीने पाणी ओतता येईल असं दोन टबांचं मशीनच सोयीचं होतं. त्याच्या आत धुण्याची एक मोटार, पिळण्याची एक मोटार, दोन टायमर, कपॅसिटर आणि झाकणाचा स्विच एवढाच संसार. पंपाच्या स्टार्टरला सरावलेल्या माणसाला त्यात बुजण्यासारखं काही नव्हतं.

नवं होतं ते एवढंच, की धुण्याची मोटार दोन्ही बाजूंनी फिरते. तिला तीन तारा असतात आणि आत दोन सारखी वायंडिंग. टायमर कपॅसिटरला एकदा या वायंडिंगशी आणि एकदा त्या वायंडिंगशी जोडतो, तसतशी दिशा बदलते. तीन तारांमधली सामाईक कोणती हे मीटरवर असं सापडतं. समजा एका जोडीत ३० ओहम आले, दुसऱ्या जोडीत ३० आणि तिसऱ्या जोडीत ६०. जिथे ६० आले ती दोन टोकं, उरलेली तार सामाईक. एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला १८ दाखवले तर आकडा काय असायला हवा होता हे माहीत नसलं तरी वायंडिंग आतून मिटलंय हे कळतं, कारण दोन्ही सारखे असायलाच हवे होते. पंपाच्या मोटारीची तपासणी याच रीतीने होते. तिथे तीन टोकांच्या तीन जोड्या मोजतात आणि तिन्ही सारख्या आहेत का एवढंच बघतात. कोणत्याही कंपनीचा तक्ता हाताशी नसताना यंत्राची तुलना त्याच्याच दुसऱ्या अर्ध्या भागाशी करायची, ही या विद्येतली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे असं मला वाटतं. पिळण्याच्या मोटारीत दोन वायंडिंग मुद्दाम वेगळी असतात, एक जाड तारेचं आणि एक बारीक तारेचं, त्यामुळे तिथे ही तुलना लागू पडत नाही. हा अपवाद ज्याला सांगावा लागत नाही तो कारागीर तयार झाला समजावं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. विहिरीवरची मोटार ही मोटारच, पण वॉशिंग मशीन पाण्याशेजारी, मोरीत, बाईच्या ओल्या हाताखाली चालतं. तिथला मुख्य प्रश्न मोटार फिरते की नाही हा नसून अंगाला करंट मारतो की नाही हा आहे, आणि त्यासाठी शेतातली सिरीज बल्बची चाचणी अपुरी आहे. अपुरी आहे हे मान्यच करायला हवं. साठ वॉटचा बल्ब मालिकेत जोडून एक टोक वायंडिंगला आणि एक मोटारीच्या अंगाला लावलं, तर पुरता शॉर्ट असेल तेव्हाच तो पेटतो. टबाच्या वॉटर सीलमधून पाणी झिरपून इन्सुलेशन ओलावलं आणि तिथला अवरोध पन्नास हजार ओहमवर आला, तर बल्ब ढिम्म पेटणार नाही, पण मशीनला हात लावणाऱ्याच्या अंगातून साडेचार मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाईल, आणि ओल्या फरशीवर उभ्या बाईला झटका बसायला तेवढा पुरे. अशा दोषाला मेगर लागतो, जो पाचशे व्होल्टचा दाब देऊन इन्सुलेशन मोजतो. पण हा आक्षेप उलट माझीच बाजू भक्कम करतो. घरगुती दुरुस्तीच्या साध्या दुकानात मेगर सहसा नसतो. तो असतो सबमर्सिबल भरणाऱ्याकडे, कारण त्याची मोटार आयुष्यभर पाण्यातच राहणार असते. पाण्यात बुडवून इन्सुलेशन मोजल्याखेरीज ती बोअरमध्ये सोडता येत नाही. ओलाव्यामुळे होणाऱ्या गळतीचा पक्का अभ्यास खानदेशात झाला तो बोअरवेलमुळे.

अर्थिंगचंही तसंच. इथली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि पावसाळ्यात निमूट चालणारं मशीन एप्रिलमध्ये झिणझिण्या द्यायला लागतं. फुल्ली ऑटोमॅटिक मशीनमध्ये तर आतल्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांनाही बॉडीशी जोडलेले असतात. अर्थ तुटला की बॉडीवर पुरवठ्याच्या निम्मा दाब येऊन बसतो, मशीनमध्ये कसलाही बिघाड नसताना. म्हणून जाणता मेकॅनिक आधी बोर्डाच्या तीन पिनींमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असा दाब मोजतो आणि मगच मशीनकडे वळतो. आधी लाइन, मग मशीन. हा क्रम विहिरीवर पडलेला आहे. तिथे स्टार्टर उघडण्याआधी डीपीवरचे तीन फ्यूज बघायचे असतात, कारण दोष बहुतेक वेळा तारेवरून चालत आलेला असतो. गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे होईपर्यंत तर घरातलं व्होल्टेज शिवारातल्या पंपांबरोबरच वरखाली होत असे, आणि ‘सकाळी धुतो तेव्हा पिळत नाही, दुपारी पिळतं’ या तक्रारीचं उत्तर मशीनच्या बाहेर शोधावं लागे. घरातल्या बाईचं सांगणं हा अशा वेळी पहिला पुरावा असतो. ‘वहिनी, आधी वास आला का आवाज बदलला? लाइट जाऊन आल्यावर झालं का?’ हे प्रश्न ज्याने विचारले त्याचं अर्धं निदान मीटर लावण्याआधी झालेलं असतं.

दुसरा आक्षेप असा घेता येईल, की याचं श्रेय शाळेला का देऊ नये? आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियन तयार झाले, कंपन्यांनी प्रशिक्षण दिलं, आणि १९८२ नंतर रंगीत टीव्ही आले तेव्हा जळगावसारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्यांची वेगळी पिढीही आली. हे सगळं खरं आहे. आयटीआयने भाषा दिली, आकृती वाचायला शिकवली, परवाना मिळवून दिला. टीव्ही मेकॅनिकने डाग देण्याचा हात आणि सर्किट बोर्डाची ओळख दिली, आणि नंतरच्या फुल्ली ऑटोमॅटिक मशीनला त्याचा हात लागतोच. पण शाळेच्या टेबलावर पुरवठा चोख असतो. तिथे २३० व्होल्ट म्हणजे २३० व्होल्ट. बिघाडाची मुळं पुरवठ्यात, उन्हात, पाण्यातल्या क्षारांत आणि जमिनीच्या कोरडेपणात शोधायची सवय त्या टेबलावर लागत नाही. ती याच प्रदेशात लागली आणि प्रदेशाचाच ठसा घेऊन लागली.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो. या विद्येने जोडून देण्याचीही सवय लावली. झाकणाचा स्विच गेला की दोन तारा एकत्र पिळून टाकायच्या, थर्मल प्रोटेक्टर तोडून मोटार सरळ जोडायची, तीन पिनींचं सॉकेट नसलं की अर्थची तार कापून दोन पिनींवर मशीन चालवायचं. शेतात पीक वाचवायच्या घाईत जे खपलं ते घराच्या मोरीत खपवणं हा गुन्हा आहे. पिळण्याचा टब पूर्ण वेगात असताना झाकण उघडता येणं आणि बॉडीला अर्थ नसणं, ही दोन्ही माणूस मारू शकतात. तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घ्या, एवढं सांगणारा मेकॅनिक आणि न सांगणारा मेकॅनिक या दोघांत फरक करायलाच हवा. फक्त हा दोष निदानाचा नाही. निदान अचूक झाल्यावर उपचारात केलेली ती टाळाटाळ आहे, आणि तिचं मूळ पुन्हा उद्या विहिरीवर पाहिजे या घाईपर्यंत जातं.

आता मशीनं इन्व्हर्टरची झाली आहेत. मोटारीचा तो कपॅसिटर नाही, पुष्कळांत पट्टाही नाही, मोटारीला दिशा आणि वेग बोर्ड पुरवतो, आणि बिघाड झाला की पडद्यावर कोड येतो. विहिरीची विद्या इथे संपली, असं पुष्कळ मेकॅनिकच म्हणतात. मला तसं दिसत नाही. कोड यंत्राला जाणवलेलं लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पाणी भरत नाही असा कोड येतो, आणि दोष असतो क्षाराने बुजलेल्या जाळीत किंवा कमी दाबाच्या टाकीत. मोटारीचा कोड येतो, आणि तिची तीन वायंडिंग मोजली तर तिन्ही जोड्या सारख्या निघतात, म्हणजे मोटार शाबूत आहे, बघायचं आहे ते बोर्डाकडे किंवा मधल्या जोडणीकडे. तीन फेजची मोटार आता घराघरात आली आहे. आणि बोर्ड उघडला तर फ्यूज उडालेला आणि त्याशेजारचा व्हॅरिस्टर फुटून काजळी उडालेली दिसते, तेव्हा ती खूण वाचायला तीच जुनी नजर लागते. न्यूट्रल तुटला होता. डीपीवरून येणाऱ्या तीन फेज चार तारांच्या लाइनवर न्यूट्रल सुटला की कमी भाराच्या घरांत दाब २३०वरून चारशेच्या दिशेने चढतो आणि व्हॅरिस्टर स्वतः मरून बोर्डाला वाचवायचा प्रयत्न करतो. त्याच दिवशी शेजारच्या घरातला टीव्ही आणि समोरच्यांचा फ्रीज गेला का, हा प्रश्न कोडच्या यादीत नसतो. नवा बोर्ड बसवून न्यूट्रल तसाच ठेवला तर तो बोर्डही जातो, जशी पंधरा दिवसांत मोटार परत यायची तशीच.

वह्यांचं काय करायचं ते मात्र लवकर ठरवायला हवं. रिवाइंडिंगचं दुकान बंद होतं तेव्हा तांबं भंगारात जातं आणि वह्या रद्दीत. धुळ्याच्या राजवाडे मंडळाने किंवा जळगावच्या विद्यापीठाने अशा दहा-वीस वह्या जरी मिळवल्या, तर भुसावळ, सावदा, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा इथल्या दुकानांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघता येतील. मोटारी कोणत्या महिन्यात जास्त जळत, तीनऐवजी पाच आणि पाचाऐवजी साडेसात हॉर्सपॉवर कोणत्या तालुक्यात आधी आलं, आणि वॉशिंग मशीनची पहिली मोटार कोणत्या पानावर आहे, हे त्यावरून कळेल. तेलाचे डाग पडलेल्या त्या पानांवर बॉलपेनने वेढ्यांचे आकडे लिहिलेले आहेत, आणि त्यातले पुष्कळसे लिहिणारे हात अजून काम करताहेत. कोणता आकडा कशाचा, हे आज त्यांना विचारता येतं.